व्रताचा खाडा

नित्यनेमाने व्यायाम करणाऱ्या माणसाला ज्वर आला म्हणजे त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर पाहता वैद्यकाचा असतो; पण थोडे खोल गेले की तो धर्माच्या प्रांतात जाऊन पोहोचतो. अंग तापलेले असते, सांधे ठणकत असतात, जिभेला चव नसते. आणि तरीही पहाटेची ठरलेली घटका आली की मनात एक तगादा सुरू होतो, की आज उठावे, निदान चार जोर काढावेत, हाताला सवयीचा भार एकदा तरी लावावा, खाडा पडू देऊ नये. हा तगादा कोणाचा, तो ऐकावा की नाकारावा, आणि नाकारला तर आपल्या हातून काही कर्तव्यलोप घडतो काय, हे मला येथे पाहावयाचे आहे. ज्याने व्यायाम कधी मनापासून केला नाही त्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याच्या दिवसाची घडीच व्यायामाभोवती बसली आहे, त्याला तापापेक्षा हा तगादा अधिक जाचतो, हे मी पुष्कळ जवळून पाहिले आहे.

महाराष्ट्रात तरी या तगाद्याला धार्मिक रंग चढणे अगदी स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे शरीरसाधना देवळाच्या अंगणातच वाढली. समर्थांनी बलोपासनेसाठी ठिकठिकाणी मारुती स्थापिले. तालमीत शिरणारा पठ्ठा आजही आधी मारुतीला हात जोडतो आणि मग हौदातील तांबडी माती अंगाला लावतो. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभट्टदादा देवधर यांना ती विद्या मारुतीच्या दृष्टांताने लाभली, अशी त्या परंपरेची श्रद्धा आहे. आणि औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो प्रसार जन्मभर केला, तोही मंत्रोच्चारासह घालावयाच्या नमस्कारांचा. अशा वातावरणात वाढलेल्या मनाने व्यायामाला व्रत मानले तर नवल नाही. आणि व्रत म्हटले की त्याचा भंग आला, भंगाचे पाप आले, आणि पापाची रुखरुखही आली. आज मातीच्या जागी रबराची जमीन आणि मुद्गल-करेलांच्या जागी पोलादी चकत्या आल्या असल्या, तरी त्या चकत्यांपुढे उभ्या राहिलेल्या तरुणाच्या मनाची ठेवण तीच आहे. म्हणून त्याला 'आजारी आहेस, स्वस्थ पड' एवढेच सांगून भागत नाही; त्याची शंका जेथे उत्पन्न झाली तेथेच तिचे निराकरण झाले पाहिजे.

वैद्यकाचा निर्णय मात्र आधी नमूद केला पाहिजे, आणि तो करण्यास फार शब्द लागत नाहीत. चरकाने नवज्वरात वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींत स्नान, अभ्यंग, दिवसाची झोप, क्रोध आणि वाऱ्यात बसणे यांच्याबरोबरच व्यायामाचेही नाव घातले आहे. इतकेच नव्हे, तर ज्वर उतरल्यावरही रोगी पुन्हा बलवान होईपर्यंत त्याने व्यायाम तर करू नयेच, पण फार हिंडूफिरूही नये, अशी ताकीद दिली आहे. निरोगी माणसालाही सुश्रुत-वाग्भटांनी अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायामाची मर्यादा घालून दिलेली. मग ज्याची शक्तीच रोगाशी झुंजण्यात खर्ची पडत आहे, त्याला व्यायामासाठी उरते किती? आधुनिक वैद्यकाने याला जी पुस्ती जोडली ती अधिक भयावह आहे. पोलिओच्या साथींच्या काळात रिची रसेल या ब्रिटिश वैद्याने १९४९ साली असे दाखवून दिले, की रोगाची प्राथमिक लक्षणे दिसू लागल्यावरही ज्यांनी अंगमेहनत चालू ठेवली त्यांना अधिक तीव्र पक्षाघात झाला, आणि जे वेळीच अंथरुणावर पडून राहिले त्यांची अवस्था त्या मानाने सौम्य राहिली. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉक्सॅकी विषाणूची बाधा झालेल्या उंदरांना पोहावयास लावले, तेव्हा त्यांच्या हृदयातील विषाणू कित्येक पटींनी वाढला आणि मृत्यूही वाढले. माणसालाही इन्फ्लुएंझा, कोविड आणि तत्सम विषाणुजन्य रोगांत हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि अशा हृदयावर भाराचा ताण पडला तर त्याची लय बिघडून अकस्मात मृत्यू ओढवू शकतो. म्हणूनच ज्या खेळाडूला अशी सूज आली त्याला तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळापासून दूर ठेवण्याची वहिवाट पडली आहे. ज्या रोगांत प्लीहा वाढते, त्यांत जड वजन उचलताना श्वास कोंडून पोटावर जोर दिला तर ती फुटण्याचेही भय असते. साधे पडसे असेल, नाक तेवढे वाहत असेल, ताप, अंगदुखी, छातीतील खोकला यांपैकी काहीच नसेल, तर थोडे चालण्यास कोणी हरकत घेत नाही. परंतु ताप आला की त्या दिवसाचा व्यायाम तहकूब, याविषयी वैद्यांत दुमत नाही.

निर्णय इतका निःसंदिग्ध असता माणूस तो का मानीत नाही, हा खरा विचारणीय भाग आहे. अज्ञानामुळे, असे म्हणवत नाही. कारण यांतील बरेचसे त्याला ठाऊक असते. मला वाटते, त्याच्या मनात दोन भिन्न गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक आहे भय: वर्षानुवर्षे कमावलेले चार दिवसांत जाईल, हे भय. ते निराधार आहे. आठवडाभराच्या विश्रांतीने बळ नाहीसे होत नाही, आणि जे थोडेसे ओसरते ते थोड्याच दिवसांत परत येते. भय निराधार ठरले की विरते, म्हणून मी त्याच्यापाशी थांबत नाही. दुसरी गोष्ट मात्र अशी सहजासहजी विरणारी नाही, कारण ती सद्गुणाच्या वेषात येते. ती म्हणजे ही समजूत, की शरीराच्या कुरकुरीला न जुमानता जो आपला नेम चालवतो तोच खरा साधक. की ताप असतानाही उचललेला भार हा निरोगी अवस्थेत उचललेल्या भारापेक्षा अधिक पुण्यप्रद. की वेदना सोसणे हेच तप, आणि ती जितकी अधिक तितके तप अधिक. या समजुतीचा उगम थोर आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. सोसण्याचे सामर्थ्य ज्या समाजातून नाहीसे झाले त्या समाजाचे काय होते, हे इतिहासाने पुष्कळदा दाखविले आहे. परंतु उगम थोर असला म्हणून प्रवाह योग्य दिशेनेच जातो असे नाही, आणि येथे तो कोठे वळतो हे नीट पाहिले पाहिजे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे जे वर्गीकरण आले आहे, त्यात शरीराला क्लेश देणाऱ्या तपाविषयी भगवंतांनी असाधारण कठोर शब्द योजले आहेत. दंभ आणि अहंकार यांनी युक्त होऊन जे लोक शास्त्राने न सांगितलेले घोर तप करतात, ते शरीरातील भूतसमुदायाला तर पीडा देतातच, पण त्या शरीराच्या आत वास करणाऱ्या परमेश्वरालाही पीडा देतात, आणि त्यांचा निश्चय आसुरी समजावा, असा तेथे निर्वाळा आहे. पुढे मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस कोटीत बसविले आहे. हा दुसरा निर्वाळा मला विशेष मननीय वाटतो. आपण सामान्यतः अंथरुणावर पडून राहण्याला तामस म्हणतो आणि उठून धडपडण्याला राजस अथवा सात्त्विक समजतो. गीता मात्र धडपडही तामस असू शकते, असे स्पष्ट बजावते, आणि ती तशी कशाने होते हेही सांगते: आग्रहाने, ज्या आग्रहाच्या मुळाशी विचार नाही. ज्वरात भार उचलणाऱ्याला 'हे तू कशासाठी करतोस?' असे विचारले, तर तो 'बळासाठी' असे म्हणू शकत नाही, कारण त्याने बळ घटते. 'आरोग्यासाठी' असेही म्हणू शकत नाही. शेवटी त्याला एवढेच म्हणता येते, की 'मी कधी चुकलो नाही, म्हणून.' या उत्तरातील 'मी' हा शब्द शरीराच्या कोणत्याही ठणक्यापेक्षा गंभीर लक्षण आहे.

मग तप कोठे आहे? या प्रश्नाचे जे उत्तर बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात दिलेले आहे, ते माझ्या मते या सर्व विषयाचा गाभा आहे, आणि व्यायामाचा अभिमान धरणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी शांतपणे वाचावे. तेथे ऋषी म्हणतात, की व्याधिग्रस्त माणसाला जो ताप सोसावा लागतो तेच परम तप होय, आणि हे जो जाणतो तो परम लोक जिंकतो. शंकराचार्यांनी यावर भाष्य करताना सांगितले, की तपातही दुःख आहे आणि रोगातही दुःख आहे. तेव्हा रोगाची निंदा न करता आणि त्याने विषण्ण न होता जो विद्वान त्यालाच तप समजून राहतो, त्याचे कर्म त्या तपाने क्षीण होते. येथे तप हे रोगाच्या जोडीला वेगळे करावयाचे काही नाही. आलेला रोग हेच ते तप. ज्या माणसाला रोजच्या व्यायामाऐवजी आज काहीच करावयाचे नाही असे वाटते, त्याला उपनिषद सांगते, की आजचे कर्म तुझ्यासाठी ठरून आले आहे, आणि ते तू रोज करतोस त्याहून अवघड आहे. कारण रोजच्या कर्मात भार किती घ्यावयाचा हे तू ठरवितोस, थकलास की खाली ठेवतोस, आणि आजचा भार तुझ्या हुकमाबाहेरचा आहे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे तितिक्षेचा अर्थही नीट लागतो. वेदान्तात तितिक्षा म्हणजे आलेले दुःख चिंता आणि विलाप न करता सोसणे. यात 'आलेले' हा भाग महत्त्वाचा आहे. ज्वरात उठून जोर काढणारा मनुष्य आलेले सोसीत नाही. तो आलेल्यापासून पळून स्वतः निर्माण केलेल्या, स्वतःच्या ताब्यातील वेदनेच्या आश्रयाला जातो, कारण तिच्यात निदान कर्तेपण शिल्लक राहते. निमूट पडून राहण्यात कर्तेपण उरत नाही. कोणी पेज आणून देते, कोणी कपाळावर पाण्याची पट्टी ठेवते, कोणी आधार देऊन उठविते. ज्याने बाहुबळावर विश्वास ठेवून आयुष्य काढले त्याला दुसऱ्याच्या हाताने पाणी पिणे किती कठीण जाते, हे त्यालाच ठाऊक. पण ज्या मारुतीची तो उपासना करतो, त्याच्या बळाचे वैशिष्ट्य समस्त रामकथेत एकच सांगितले आहे: ते बळ त्याने स्वतःचे मानले नाही. शरीर ही आपली मिरास नसून काही मुदतीसाठी आपल्याकडे सोपविलेली वहिवाट आहे, हे ज्याने जाणले त्याला पीक घेण्याचा हंगाम आणि जमीन पडीत ठेवण्याचा हंगाम यांत मानापमान वाटत नाही.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी हे फार सहृदयतेने ओळखले होते. धर्मशास्त्र म्हणजे कठोर, निष्ठुर नियमांचे दप्तर, अशी समजूत ज्यांची आहे त्यांनी आतुराविषयीचे, म्हणजे आजारी माणसाविषयीचे, नियम पाहावेत. पराशराने तर सांगून टाकले आहे, की देशावर संकट आले असता, प्रवासात, व्याधीत आणि आपत्तीत आधी देहाचे रक्षण करावे आणि धर्माचरण मागाहून करावे. रोग्याला स्नान आवश्यक झाले, तर निरोगी माणसाने दहा वेळा स्नान करून प्रत्येक वेळी रोग्याला स्पर्श करावा आणि रोगी तेवढ्याने शुद्ध झाला असे मानावे, अशी सोय त्यानेच केली. पाण्याच्या स्नानाबरोबर भस्माचे, मंत्राचे आणि केवळ मनाने करावयाचे स्नानही मान्य झाले. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली पुरा केलेला धर्मसिंधू आपल्याकडे घरोघरच्या व्रतवैकल्यांना आधारभूत ठरला. त्यात एकादशीचा पूर्ण उपवास ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी हविष्यान्न, फळे, दूध अशा पायऱ्या लावून दिल्या आहेत. आणि महाभारतापासून पुढील निबंधग्रंथांपर्यंत पुन्हापुन्हा सांगितलेला एक निर्णय असा, की पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठांनी व्रताचा भंग होत नाही. यातील शेवटची दोन आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतात. विश्रांती हे ज्वराचे औषध आहे. आणि वस्तादाने किंवा वैद्याने 'आज माती नको' असे म्हटले तर ते गुरुवचन आहे. व्रताचा जो नियम त्यातच ही मुभा आहे. ती वापरणारा नियम मोडीत नाही, तर तो पुरा पाळतो.

एका ठिकाणी मात्र ही तुलना थांबते, आणि ते सांगितले नाही तर प्रामाणिकपणा होणार नाही. अशक्त माणसाचे व्रत त्याच्या वतीने पुत्राने, पत्नीने, बंधूने किंवा पुरोहिताने करावे, अशी प्रतिनिधीची तरतूद शास्त्रात आहे. व्यायामाला प्रतिनिधी नाही. माझ्या बैठका दुसऱ्याने मारल्या तर फळ त्याच्याच मांड्यांत जमा होते. म्हणून व्यायाम हे पूर्ण अर्थाने व्रत नव्हे, ते व्रतासाठी देह सिद्ध करण्याचे साधन आहे, असे मला वाटते. आणि साधनाला साध्याचा मान दिला की जी गफलत होते तीच आजारपणात उघडी पडते.

बौद्ध विनयग्रंथांतील सोण कोळिवीसाची कथा येथे आठवते. चंपेच्या अतिश्रीमंत कुळातील हा तरुण भिक्षू झाला आणि राजगृहाजवळच्या शीतवनात चंक्रमण करू लागला, म्हणजे ध्यानपूर्वक येरझारा घालू लागला. त्याचे तळवे इतके कोवळे, आणि निश्चय इतका कडवा, की चालता चालता पाय फुटून ती सारी वाट रक्ताने माखली. तरी तो थांबेना, आणि साध्यही होईना, तेव्हा निराश होऊन घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. वीणेच्या तारा अति ताणू नयेत आणि अति सैलही सोडू नयेत, हा बुद्धाचा उपदेश याच सोणाला झाला, आणि तो सर्वांना परिचित आहे. कथेचा उत्तरार्ध तितका परिचित नाही. बुद्धांनी त्याला पादत्राण वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, की अपार संपत्ती टाकून आलेला सोण आता पादत्राणात गुंतला असे लोक म्हणतील. सर्व संघाला परवानगी असेल तरच मी वापरीन. तेव्हा बुद्धांनी एकपदरी पादत्राण सर्व भिक्षूंना मोकळे केले. एकाच्या जखमी तळव्यांमुळे सबंध संघाचा नियम सौम्य झाला. बुद्धांनी सोणाच्या निश्चयाची थट्टा केली नाही, पण त्याच्या रक्ताला तपाचे माहात्म्यही दिले नाही.

आता दुसऱ्या बाजूचे जे म्हणणे आहे ते टाळता येणार नाही. अशी मुभा मिळाली की आळस तिच्या आडून आत शिरतो. जरा शिंक आली की रजा, जरा डोके जड झाले की माफी, आणि पाहता पाहता नेमच बंद पडतो. हे खरे आहे, आणि कुचराईला धर्माचे कवच देण्याचा माझा हेतू नाही. पतंजलीने चित्ताला विचलित करणाऱ्या ज्या नऊ अंतरायांची गणना केली, तिच्यात व्याधी पहिली आहे आणि आलस्य पाचवे. ही दोन त्याने वेगळी मोजली, आणि भाष्यकार व्यासांनी पहिलीचे मूळ धातू, रस आणि इंद्रिये यांच्या वैषम्यात, तर दुसऱ्याचे देह आणि चित्त यांच्या जडपणात सांगितले. दोहोंत अंग हालत नाही, म्हणून बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात; आतून त्यांची परीक्षा वेगळी आहे. आळस काम सुरू केले की ओसरतो, व्याधी काम सुरू केले की वाढते. पूर्वी ही परीक्षा शिष्यावर सोपविलेली नसे. तालमीत वस्ताद असे, आणि पठ्ठ्याचा श्वास, त्याच्या डोळ्यांचा रंग, त्याची भूक यांवरून तो पहाटेच निर्णय देई. आजचा तरुण बहुधा आरशापुढे एकटा असतो. त्याच्या हातातील यंत्र रोजची हजेरी मोजते, आणि त्या हजेरीत आजारपणाची सबब नोंदविण्याची जागा क्वचितच असते. त्याला वस्तादाची गरज कालच्यापेक्षा आज अधिक आहे, याची मला मनापासून काळजी वाटते.

आणखी एक गोष्ट या प्रश्नात येते, जी केवळ स्वतःपुरता विचार करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. सर्दी-खोकला, इन्फ्लुएंझा घेऊन जो मनुष्य बंदिस्त व्यायामशाळेत जातो, तेथे जोराने श्वास सोडतो, आपल्या घामाचा बाक आणि आपल्या हाताने धरलेली दांडी पुढल्या माणसासाठी ठेवतो, तो आपल्या व्रताचा खर्च दुसऱ्याच्या नावे टाकतो. त्या दुसऱ्याच्या घरी तान्हे मूल असेल, वृद्ध माता असेल, दम्याचा रोगी असेल. अहिंसेला सर्व यमांत पहिले स्थान देणाऱ्या परंपरेत अशा नेमाला पुण्यकर्म म्हणणे मला शक्य नाही.

यावरून रोगी माणसाने नेहमीच स्वस्थ पडावे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. जे रोग येऊन जात नाहीत, जे माणसाबरोबर घरातल्या माणसासारखे राहावयास येतात, त्यांचा न्याय निराळा आहे. मधुमेहाला, ज्याला आयुर्वेद प्रमेहाच्या वर्गात घालतो, सुश्रुताने जी चिकित्सा सांगितली ती वाचताना आपण वैद्यकग्रंथ वाचतो आहोत की संन्यासधर्म, असा संभ्रम पडतो: निर्धन रोग्याने पायात वहाण नाही, डोक्यावर छत्र नाही, अशा स्थितीत भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढीत, मुनीप्रमाणे संयमी होऊन शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, अथवा विहीर खणावी. आजचे वैद्यकही अशा रोग्याला चालण्याबरोबर वजने उचलावयास सांगते, कारण राबणारा स्नायू रक्तातील साखर शोषून घेतो. तेव्हा तोच भार एका रोगात अपथ्य आहे आणि दुसऱ्या रोगात पथ्य. आणि ज्याने स्वतःचा आग्रह बाजूला ठेवला आहे, त्यालाच हा भेद निमूटपणे मान्य करता येतो, मग कोणी त्याला 'पडून राहा' म्हणो की 'उठून चाल' म्हणो.

ज्वर उतरल्यावर खरी कसोटी लागते. अंगात हुशारी आल्यासारखी वाटते, मन बुडालेल्या दिवसांचा जमाखर्च मांडून बसते, आणि एका दिवसात सारी थकबाकी वसूल करावी असे वाटू लागते. चरकाने याच क्षणाला उद्देशून सांगितले आहे, की बळ परत येण्यापूर्वी वर्ज्य गोष्टी केल्या तर गेलेला ज्वर परततो, आणि परतलेला ज्वर आधीच क्षीण झालेल्या देहाला गाठतो. म्हणून भूक आणि झोप पहिल्यासारखी होईपर्यंत थांबावे. मग काही दिवस नुसते चालावे. मग थोडे नमस्कार घालावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी व थकवा पाहावा. आणि भार सर्वांच्या शेवटी, तोही पूर्वीच्या निम्म्याने, आजूबाजूला आपल्याहून लहान मुले अधिक वजन उचलीत असताना.